गावच्या जावयाचं नाव

आमच्या गावानं जावयाला धोंडे खायला बोलावलं, तेव्हा त्यानं अर्ध्या गावाच्या जमिनींचा मावेजा आधीच खाऊन टाकलेला होता. तरी बोलावलं. पोट भरलेल्या माणसालाच आग्रह करकरून वाढायची आमच्या गावाला जुनी खोड आहे.

जावई माझाच, माझ्या लेकीचा, वैजयंताचा नवरा. पण आमच्याकडे एका घरचा जावई तो सगळ्या गावाचा जावई. तो वेशीतून आत आला की पारावरची माणसं उठून उभी राहतात. त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवला, या गावातल्या निम्म्या बाप्यांचे कान पिरगाळले, त्यांना व्याजाची गणितं घातली. ती गणितं जावयापुढं उभं राहून करायची नसतात, असं त्यांना त्यांच्या घरांनी शिकवलं होतं. घरचं शिक्षण शाळेपेक्षा पक्कं असतं.

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडच्या अंगाला कारखान्यांसाठी जमिनी गेल्या आणि गावात मावेजा आला. कुणी गाडी घेतली, कुणी बंगला बांधला, आणि जे स्वतःला शहाणे म्हणवत होते त्यांनी उरलेला पैसा जावयाकडं दिला. जावई शेअर बाजारात होता. म्हणजे नक्की कुठं होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. शहरात त्याचं काचेचं ऑफिस होतं, भिंतीवर लाल-हिरवे आकडे पळत होते आणि महिन्याच्या महिन्याला बँकेच्या कितीतरी पट पैसे घरपोच येत होते. आकडे पळतात म्हणजे पैसाही पळत असणार, एवढं गावाला कळलं. तो कुणाकडं पळतोय, ते कुणी विचारलं नाही.

मी विचारलं होतं. म्हटलं, "जावईबापू, या धंद्याची सरकारदरबारी नोंदणी आहे का?"

तो मला मामी म्हणतो. हसून म्हणाला, "मामी, घरच्या माणसाची कुठं नोंदणी असते व्हय?"

माझे थोरले दीर पुंजाराम भाऊजी, गावातली जाणती असामी, ते माझ्यावरच उखडले. "द्वारकाबाई, तुमची शाळा सुटली आता. जावयाची परीक्षा कामून घेता?" मग मी गप्प बसले आणि माझ्या निवृत्तीच्या पैशातले काही त्याच दिवाळीत जावयाच्या हातावर ठेवले. सासूनंच नाही दिले तर लेकीला सासरी काय ऐकून घ्यावं लागलं असतं!

पुढं नियम बदलत गेले तसा हा पाट्या बदलत गेला. नोंदणीवाचून सल्ला देणाऱ्यांना सेबीनं धरायला सुरुवात केली, तेव्हा 'गुंतवणूक सल्लागार' ही पाटी उतरली आणि 'शेअर मार्केट शिकवणी' चढली. शिकवणीच्या नावाखाली ताजे भाव दाखवून सौदे सुचवायचे नाहीत असा नियम आला, तेव्हा तीही उतरली. मग सेबीचा हुकूमच आला, या माणसानं बाजारात पाऊल ठेवायचं नाही आणि लोकांचे पैसे परत करायचे. पेपरात बातमी आली. ती सगळ्या गावानं वाचली, पेपराची घडी घातली आणि त्यावर कांदे वाळत घातले. तोवर ऑफिसवर नव्या कंपनीची तिसरी पाटी लागली होती, आणि गाव पुन्हा पैसे देऊन आलं! का, तर जावयावर संकट आलंय, अशा वेळी सासुरवाडीनं पाठीशी उभं राहायला नको का! मी भाकरी थापत होते, ती परात तशीच भिंतीवर भिरकावली.

पाच-सहा महिन्यांत घरपोच येणारा पैसा आटला. मुद्दल मागायला गेलेल्यांना चहा मिळाला. मी भाऊजींना म्हटलं, चला, पोलिसांत तक्रार देऊ.

"जावई हाय गावचा," भाऊजी म्हणाले. "त्याला पोलिसात न्यायचा म्हंजी आपल्याच अब्रूला आपुनच हात घालायचा. असं कुठं झालंय काय आजवर?"

चौकात फारूखचं शिलाईचं दुकान आहे. त्याच्या वडिलांची जमीनही कारखान्यात गेली, तोही सगळा मावेजा देऊन बसलेला. माझाच विद्यार्थी. त्याला म्हटलं, तू तरी चल. त्यानं मशीन थांबवलं. "बाई, गाँव का जमाई है. सब चूप बैठे और मैं अकेला केस करूं, तो लोगां क्या बोलेंगे? तुम्हीच सांगा." त्याच्यावर मला रागावता येईना, आणि रागावता येईना म्हणून जास्तच राग आला.

अशात अधिक महिना लागला. अधिकात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत घरोघरची. पण भाऊजींनी ठरवलं, या खेपेला जावयाचं धोंडेजेवण गाव करणार. "जावई खुशीत आला म्हंजी आपलं बघंल कायतरी." शहागंजच्या बाजारातून त्यांनी वाणात द्यायला चांदीचं निरांजन आणलं. ज्यानं घर धुऊन नेलं, त्याला ओवाळायला चांदी! मी म्हटलं, पितळेचं सुद्धा देऊ नका. पण म्हातारीची टकळी कोण ऐकतो.

ऊन असं की मांडवाखालीही जीव कासावीस होत होता. वैजू आली ती गळ्यात काळी पोत घालून. सोनं कुठं गेलं, विचारायची सोय नव्हती. बायांनी दोघांना पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि उखाण्याचा हट्ट धरला. वैजू नको नको म्हणत होती. भाऊजी मांडवातून ओरडले, "घे की पोरी, आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायला कसली लाज!" तिनं मान खाली घालून घेतला.

"पुरणाच्या धोंड्यावर साजूक तुपाची धार, रामेश्वररावांच्या जिवावर सुखाचा संसार."

मांडवभर टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त भाऊजींनी वाजवल्या.

ती आत पाणी प्यायला आली तेव्हा मी तिला चुलीपाशी गाठलं. "वैजू, ती तिसरी पाटी कुणाच्या नावावर आहे?"

तिनं माठातून पाण्याचा तांब्या भरून घेतला. मग म्हणाली, "माझ्या."

"आणि तू सही केलीस?"

"केली."

"न वाचता?"

"वाचलं होतं, आई. वाचूनच केली. ते म्हणाले, त्यांच्या नावानं आता चालत नाही, नुसतं नियमापुरतं नाव पाहिजे. आधी नाही म्हटलं, तर..." तिनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. तिच्या मनगटावरचा हिरवट डाग मला तेव्हा दिसला. मला तिला थोबाडावं वाटलं आणि पोटाशी धरावं वाटलं, दोन्ही एकदमच. मी तुपाची तपेली उचलली आणि बाहेर गेले.

जावयाच्या ताटात तूप वाढता वाढता सगळ्यांच्या देखत विचारलं, "जावईबापू, ही नवी कंपनी कुणाची?"

त्यानं धोंडा फोडला, तुपात बुडवला. "मामी, मला तर मनाई हाय ना. मी तिथं नुसता बसतो. मालकीण तुमची लेक. सह्या तिच्या, खातं तिचं." आणि घास तोंडात घातला.

मला वाटलं, आता उठतील. आता तरी एखादा ताटावरून उठेल, याची गचांडी धरेल, म्हणेल की बायकोला पुढं करून खातोस का रे? कुणी उठलं नाही. मी एकेकाचं तोंड बघत गेले. राग कुणाच्याच तोंडावर नव्हता. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. दाव्यात पाय अडकलेल्या बैलाला कुणी सोडवावं, तसं. ते का, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन जीपगाड्या भरून गाव शहरात गेलं, पोलीस आयुक्तालयात, आर्थिक गुन्हे शाखेत. इतके दिवस ज्यांचे पाय उचलत नव्हते ते भाऊजी पुढच्या सीटवर बसून गेले. आणि सगळ्यांनी तक्रार दिली माझ्या लेकीविरुद्ध.

दुपारी वैजूला बोलावणं आलं. जावयाचा फोन बंद होता. त्याला बरं नव्हतं म्हणे, धोंडे बाधले. मी तिच्यासोबत गेले. बाहेरच्या लांब बाकावर सगळं गाव ओळीनं बसलेलं, माझा वर्ग बसायचा तसं. मी भाऊजींसमोर जाऊन उभी राहिले.

"काल टाळ्या वाजवल्या आणि आज हे?"

"तुम्ही तापू नका," भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले. "जावयाला काय बोलता येतंय का? लेक आपली हाय. लेकीला दोन शब्द बोललं तर कुणी नाव ठिवत नाय. घरातलं घरात राहतंय."

"घरातलं घरात? पोरीला बेड्या पडतील, भाऊजी!"

"पडायच्या नाय वो. जावई सोडवंलच तिला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हीच का आमची रीत! पोरगी द्यायची, पैसा द्यायचा, वरून चांदीचं निरांजन द्यायचं, आणि बळी द्यायची वेळ आली की पुन्हा पोरगीच द्यायची. जावई काय देव आहे? देवालासुद्धा आम्ही पावला नाही तर चार शिव्या घालतो.

आत तपास करणाऱ्या मॅडम होत्या, वैजूच्याच वयाच्या. त्यांच्यापुढं जबाबांची चळत होती. "सगळ्यांनी एकच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पैसे हिच्या कंपनीला दिले. हातात कुणाच्या दिले, असं विचारलं तर कुणी म्हणतं घरात दिले, कुणी म्हणतं जावयाला दिले. कोण जावई, नाव सांगा म्हटलं की गप्प. आमच्या तोंडानं नको म्हणतात. त्या माणसावर सेबीचा हुकूम आहे, मला माहीत आहे. पण पैसे त्यानं घेतले असं सांगणारं कुणी तरी समोर पाहिजे ना."

"मी सांगते," मी म्हटलं. "दिवाळीला माझे पैसे मी स्वतः त्याच्या हातावर ठेवलेत. लिहा माझा जबाब. आणि नाव लिहा, रामेश्वर कचरू बनकर. राव लावू नका."

वैजूचं लग्न झाल्यापासून त्याचं नाव मी पहिल्यांदा घेतलं. जिभेला काही झालं नाही.

मॅडमनी लिहून घेतलं. मग वैजूकडं वळल्या. "तुमच्या आईनं आपल्या पैशांचं सांगितलं. पण ही कंपनी तुमच्या सहीची आहे. ती कुणी करायला लावली, खातं कोण चालवतं, हे तुम्हालाच सांगावं लागेल. सांगितल्यावर तुम्ही सुटाल, असं मी म्हणत नाही. पण आरोपींत खरा माणूस येईल."

वैजू टेबलाच्या कडेकडं बघत होती. "त्यांनी," ती म्हणाली.

"त्यांनी म्हणजे कुणी?"

दार उघडंच होतं. बाकावरचं सगळं गाव कान देऊन होतं. भाऊजी उठून उंबऱ्याशी आले. "पोरी," ते म्हणाले, "जरा कुंकवाचा तरी इचार कर."

मी बोलायला तोंड उघडलं, पण वैजूनं माझ्या हातावर हात ठेवला. ती खुर्चीतून उठली आणि दाराकडं तोंड करून उभी राहिली.

"मोठे काका, नवऱ्याचं नाव घ्यायला कसली लाज, असं काल तुम्हीच म्हणालात ना?" ती मॅडमकडं वळली. "लिहा. रामेश्वर कचरू बनकर. सही करायला त्यानं लावली. मी नाही म्हणाले तेव्हा हात मुरगाळला, अजूनही मुरगाळतो. खातं तो चालवतो, फोन त्याच्याकडं असतो. माझ्या गळ्यातलं सोनंही त्यानंच मोडलं. सही माझी आहे, ती मी नाकारत नाही."

मॅडम लिहीत होत्या. मग बाकावरून फारूख उठला, भाऊजींच्या बाजूनं वाट काढत आत आला. "मॅडम, मेरा बयान फिरसे लिखो," तो म्हणाला. "मैं पैसे रामेश्वर के हाथ में दिया. उसके ऑफिस में बैठ के दिया." माझ्याकडं बघून म्हणाला, "चुकलं, बाई." त्याच्या मागं आणखी दोघं उठले. बाकीचे बसून राहिले.

मी वैजूला पाणी पाजायला बाहेर आणलं. ती बाकाच्या टोकाला बसली. तिच्याजवळची माणसं थोडी सरकून बसली. भाऊजी डोक्याला हात लावून उभे होते.

"द्वारकाबाई, हे काय करून बसलात?" ते म्हणाले. "आता गावानं जावयाचं तोंड कसं बघायचं?"

"त्याचं राहू द्या," मी म्हटलं. "आधी लेकीचं बघा. ती इथंच बसलीये."