मधल्या बारीक रेघा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. मित्रांनो, दंडाला पट्टा बांधून आणि रबरी फुगा दाबून रक्ताचा जोर मोजतात ना, ते काम मी एकोणीस वर्षे केले. आता माझ्यातला पारा काढून घेतला आहे. पारा विषारी असतो, त्यामुळे माझ्यासारख्यांना कामावरून उतरवले गेले. काचेची नळी मात्र शाबूत आहे आणि तिच्यावरच्या रेघाही.

त्या रेघा कारखान्यातल्या चष्मा लावलेल्या एका बाईंनी काढल्या. दर दहाला एक लांब रेघ आणि शेजारी आकडा. दोन लांब रेघांच्या मध्ये चार बारीक रेघा, त्यांना आकडा नाही. "या बारक्यांकडे कोण बघणार?" त्या शेजारणीला म्हणाल्या. "पण काढायच्या." आणि त्यांनी एकही रेघ न चुकवता सगळ्या काढल्या.

माझा जन्म झाला तेव्हा गावात दोन सेवाभावी संस्था होत्या. एक हृदयविकारावर संशोधन करवून घेई, दुसरी रक्तवाहिन्यांच्या आजारांवर. दोघींची माणसे त्याच गल्लीत त्याच दारांवर जात. एका घरातल्या आजोबांनी शेवटी सांगून टाकले, "काल एकजण उजवा दंड मागून गेला, आज तुम्ही डावा मागता. परवासाठी तिसरा कुठून आणू?" हे बोलणे फिरत फिरत दोन्ही संस्थांच्या कानावर गेले. हृदय आणि रक्तवाहिन्या शरीरात एकत्र नांदतात, मग आपण वेगळ्या चुली कशाला, असे त्यांनाही वाटले असावे. दोघींनी मिळून एकच अभ्यास हाती घेतला. दोनशे घरे, घरटी एक माणूस, दर वर्षी तीच माणसे. माझ्या झाकणावर दोन्ही संस्थांच्या नावाच्या चिठ्ठ्या लागल्या, एक लाल, एक निळी. पण करार एकाच वर्षाचा होता. जमले तर पुढे, नाहीतर पुन्हा आपापली वाट.

मला सांभाळायला एक नर्सबाई आल्या. मुले त्यांना 'फुगाबाई' म्हणत. बाई मायाळू होत्या, सगळ्यांची विचारपूस करत. वरचा आकडा एकशे चाळिसाच्या पुढे गेला की त्या माणसाला डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी द्यायची, असा नियम होता.

एक घर मला फार आवडायचे. पुढच्या खोलीत शिंपीकाकांचे दुकान, मागे बिऱ्हाड. मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटे गप्प बसावे लागते. काकांना ते कसे जमावे?

"ह्या पट्ट्याची शिवण कुणी मारली? झोपेत मारली वाटतं."

"काका, बोलायचं नाही."

"मी बोलत नाहीये, सांगतोय."

काकू आतून म्हणाल्या, "तीस वर्षांत मला अशी पाच मिनिटं मिळाली नाहीत. तुमच्याकडे काही औषध असलं तर देऊन जा." कोपऱ्यात काजे करत बसलेली त्यांची मुलगी खाली मान घालून हसत होती. काकांनी माझा पट्टा ठेवून घेतला आणि दुपारी नवी शिवण मारून दिला. ती शिवण शेवटपर्यंत उसवली नाही.

त्या दिवशी काकांचा पहिला ठोका ऐकू आला तेव्हा माझा पारा एकशे सेहेचाळीसवर होता. बाईंना अजून सात घरे करायची होती. त्यांनी एकशे चाळीस लिहिले. "ठीक आहे, काका," त्या म्हणाल्या, आणि आम्ही निघालो. चिठ्ठी दिली नाही.

वर्ष संपत आले तेव्हा दोन्ही संस्थांची माणसे एका लांब टेबलाभोवती जमली. मीही टेबलावर होतो. आकड्यांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ कागद पुढे सरकवत म्हणाले, "दोनशेपैकी एकशे साठ आकडे शून्यावर संपतात. रक्त इतक्या शिस्तीत वाहत नाही, बाई."

"यंत्रच बिघडलं असेल," कोणीतरी म्हणाले. "टाकून द्या ते."

मित्रांनो, बाईंनी मान डोलावली असती तरी चालले असते. मला कचऱ्यात टाकले असते आणि त्यांची नोकरी राहिली असती. त्या उभ्या राहिल्या. "यंत्राला दोष देऊ नका. रेघा आहेत. मीच पाहिल्या नाहीत. घाईत मी गोल आकडे लिहीत गेले."

मग ठरले की सगळी घरे पुन्हा मोजायची आणि मगच करार चालू ठेवायचा की नाही ते पाहायचे. बाईंनी सुट्ट्या घेतल्या नाहीत. प्रत्येक बारीक रेघेशी त्या डोळा नेऊन थांबत. एकशे त्रेसष्ट घरे झाली आणि आम्ही शिंपीकाकांच्या दारात पोचलो.

शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. मुलगी एकटीच होती.

"बाबा गेले," ती म्हणाली. "दीड महिना झाला. मशीनवरच बसले होते. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली म्हणाले." मग तिने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही मोजलं होतं ना? आई अजून तेच म्हणते. बाई ठीक आहे म्हणाल्या होत्या, मग असं कसं झालं?"

हळहळून, दोन शब्द बोलून निघता आले असते. बाई खुर्चीवर बसल्या. "मी वहीत लिहिलेला आकडा खरा नव्हता," त्या म्हणाल्या. "गोल करून एकशे चाळीस लिहिला होता. त्याहून जास्त होता. किती, ते आता आठवत नाही."

मला आठवत होते. पण मला बोलता येत नव्हते.

"म्हणजे चिठ्ठी मिळायला हवी होती?"

"हो."

"मिळाली असती तर वाचले असते?"

"ते मला माहीत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पण चिठ्ठी द्यायला हवी होती."

मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटले, आता ती आम्हाला बाहेर काढणार. ती वळली, समोरच्या स्टुलावर बसली आणि तिने बाही वर केली.

"मग माझा नीट लिहा."

पाच मिनिटे त्या खोलीत कोणी बोलले नाही. फुगा दाबला गेला, पारा चढला, सावकाश उतरू लागला. बाईंनी पाहिले आणि वहीत लिहिले. मुलीने वही आपल्याकडे ओढली, आकडा वाचला, मग माझ्या नळीवर बोट ठेवून विचारले, "एकशे चोवीस म्हणजे कुठली रेघ?" बाईंनी दाखवली. तिने एकेक रेघ मोजून खात्री केली आणि वही परत दिली.

अभ्यास पुढे अठरा वर्षे चालला. ती मुलगी दर वर्षी तशीच वही ओढून घेई आणि बाईंना त्याचा कधी राग आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुणाला मोजून कोणी 'ठीक आहे' म्हणाले, तर तेवढे ऐकून उठू नका. किती, ते विचारा.