कमळाबाईंचा थोरला

दिपिकाचं बाळ नऊ दिवस जगलं. पनवेलच्या हॉस्पिटलात जन्मलं तेव्हा ते धड रडलंही नाही. अंग निळसर, छाती फुगलेली आणि पोट मात्र आत गेलेलं. काचेतून नातवाला पाहताच कमळाबाईंची नजर त्या पोटावर अडली. असं पोट त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं, चौतीस वर्षांपूर्वी, उरणजवळच्या मोरा गावी, सासरी. त्यांचंच पहिलं बाळ, दोन तासांत गेलेलं. नवऱ्याने, काशिरामने, तो विषय घरात पुन्हा निघू दिला नाही. मागून झालेल्या प्रणितला, दिपिकाच्या नवऱ्याला, आपल्याआधी कुणी होतं हेही ठाऊक नव्हतं.

नातवाच्या छाती-पोटामधल्या पडद्याला भोक होतं. आतडी वर सरकली होती, त्यामुळे फुप्फुसं वाढलीच नव्हती. बाळ जरा स्थिरावलं की ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले. ते स्थिरावलंच नाही.

भेटायला मोऱ्याहून बायका आल्या. "कशान झाला गो असा?" कमळाबाईंच्या जावेने, शांतीने, विचारलं. दिपिका तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होती, सातव्या महिन्यापर्यंत कामाला जात होती. कमळाबाई बोलून गेल्या, "किती सांगितला, नको जाऊ. त्या कंपनीच्या वासानं खाल्ला आमचा पोर."

आतल्या खोलीत दिपिकाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा पाठवला.

मोऱ्याच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या उचलल्यास म्हणून पोर गेलं, असं कमळाबाईंनाही सासूने चारचौघींत सुनावलं होतं. ते किती लागलं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? तरी त्यांनी आपला बोल मागे घेतला नाही. हॉस्पिटलात घेतलेलं बाळाचं रक्त आणि सोबत आई-बापाचंही तपासणीला गेलं तेव्हा आनुवंशिक आजारांच्या डॉक्टर किशोरी यांनी विचारलं, घरात आधी असं बाळ गेलं होतं का. प्रणितने आईकडे पाहिलं.

"नाय," कमळाबाई म्हणाल्या.

महिन्याभराने तिघं रिपोर्ट घ्यायला गेली. डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून दाखवल्या. प्रणितच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेले होते. त्याच्यात सगळं पुरेपूर होतं, म्हणून त्याला काही त्रास नव्हता. बाळाकडे मात्र एक तुकडा जास्त आणि एक कमी गेला. "बऱ्याचदा कारण सापडतच नाही," त्या म्हणाल्या, "इथे सापडलं."

"माझी नोकरी?" दिपिकाने विचारलं.

"तिचा काही संबंध नाही. गर्भ राहिला तेव्हाच हे ठरलं होतं."

दिपिका ओठ दाबून रडू लागली. कमळाबाईंना खुर्चीत बसवेना.

"डॉक्टरबाय, मी खोटा बोलले. माजा थोरला पोर असाच गेला. असाच निला. पोट आत."

मग प्रणित म्हणाला, "आये, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

कमळाबाईंनी मान डोलावली. त्यांचंही रक्त घेतलं. पुढच्या खेपेला कळलं, तोच बदल त्यांच्यातही होता.

"हा तुमचा दोष नाही, आजी," डॉक्टर म्हणाल्या. कमळाबाईंना ते पटलं. जे रक्तात आलं त्याचं त्यांना ओझं नव्हतं. चारचौघींत जे बोलल्या, त्याचं होतं.

घरी आल्यावर दिपिका एवढंच म्हणाली, "आई, आधी सांगितलं असतंत तर सोनोग्राफीत नीट शोधलं असतं. बाळ वाचलं असतं असं नाही म्हणत मी. पण दोष माझाच समजून मी महिनाभर झोपले नाही." आणि ती कोन गावी, माहेरी गेली.

कमळाबाई एकट्या एसटीने मोऱ्याला गेल्या. शांतीच्या ओटीवर त्याच बायका गोळा केल्या आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या थोरल्यापासून. "माज्या सुनेची काय चूक नाय. मी लपवला, नि वर तिलाच बोल लावला." शांती रडली. बाकीच्या उठून गेल्या.

दोन महिन्यांनी दिपिका परतली, नव्या नोकरीचं पत्र घेऊन. सासूशी ती कामापुरतंच बोलायची. कमळाबाईंनी कधी तक्रार केली नाही. मग एका दुपारी भाजी निवडता निवडता दिपिकाने विचारलं, "तुमच्या त्या बाळाला तुम्ही जवळ घेतलं होतं का?"

"नाय," कमळाबाई म्हणाल्या. "सासूनं दिला नाय."

दिपिकाने हातातली जुडी खाली ठेवली आणि ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.