श्रीमती दगडाबाई, गेटकडे या

सोलापूरच्या विमानतळावर भर दुपारी असा एक तास येतो की आत माणसं असूनही कुणीच नाही असं वाटतं. गोव्याचं विमान यायला अवकाश असतो, काचेपलीकडचं डांबर तापून डोळ्यांपुढं हलायला लागतं, आणि आत एसीच्या गारव्यात मोजके प्रवासी आपापल्या मोबाईलमध्ये बुडालेले असतात. भिंतीवर भलंमोठं पोस्टर आहे: सोलापूर आता देशाच्या हवाई नकाशावर! एका कोपऱ्यात देवळं, दुसऱ्या कोपऱ्यात गोव्याचा समुद्र. नकाशावर गाव आलं खरं, पण विमान भरायला माणसं लागतात, आणि सोलापूरची माणसं अजून रेल्वेवरच खूश होती. त्यामुळं विमान कंपनीचे इथले प्रमुख राजशेखर सर एकेका रिकाम्या सीटसाठी जीव टाकायचे.

सृष्टी त्यांच्या हाताखाली गेटवर कामाला होती. मूळची मोडनिंबची, रोज तिथूनच जाऊन-येऊन करायची. पास तपासायचे आणि माइकवरून मराठीत पुकारा करायचा, हे तिचं काम. इंग्रजी आणि हिंदी पुकारे मशिनवर भरून ठेवलेले होते. मराठीचे अजून भरायचे होते, म्हणून ते तिला स्वतःच बोलावे लागायचे. खांबाआडच्या टेबलाशी बसून ती इतकं घोटून बोलायची की ऐकणाऱ्याला तेही मशिनच वाटावं. याचा तिला अभिमान होता.

त्या दिवशी गेट उघडलं आणि बाकीचे प्रवासी रांगेत आले. एक म्हातारा तेवढा बाकावरून उठेना. धुवट धोतर, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. सृष्टीनं जवळ जाऊन पास पाहिले. दोन होते. रावजी लोखंडे आणि दगडाबाई लोखंडे. पुतण्यानं मोबाईलवरूनच दोघांचं तिकीट, चेक-इन सगळं करून दिलं होतं म्हणे.

"बाबा, आज्जी कुठं आहेत?"

"येतीया. पुकारा की तुमी. नावानं पुकारा."

"बाथरूमकडं गेल्या असतील. तुम्हीच मारा ना हाक."

म्हातारा चक्क लाजला. "आमी न्हाय नाव घेत."

सृष्टीला हसू आलं. तिचे आजोबासुद्धा आजीला बोलवायचं तर नुसतं खाकरायचे. ती टेबलाशी गेली, माइक सुरू केला. नियमानं तीन पुकारे द्यायचे असतात.

"श्रीमती दगडाबाई रावजी लोखंडे. कृपया गेटकडे या."

कुणी आलं नाही. बायकांच्या बाथरूममध्ये सफाईवाल्या जगदेवीबाई होत्या, त्यांनी बाहेर येऊन हातानंच 'आत कुणी नाही' अशी खूण केली.

सृष्टीनं दुसरा पुकारा दिला. या वेळी एसीचा आवाज बंद पडल्यासारखा वाटला, आणि कुठून तरी ओल्या सिमेंटचा वास आला. तिनं वर पाहिलं. एसी चालूच होता.

तिसऱ्या वेळी तिला त्या न सापडणाऱ्या म्हातारीची उगीचच माया आली, आणि नियमात नसलेलं एक वाक्य तिनं पदरचं जोडलं. "श्रीमती दगडाबाई रावजी लोखंडे, आम्ही सगळे तुमची वाट पाहतो आहोत."

"ओ."

अगदी कानाशी. कोरड्या पडलेल्या घशातून निघावा तसा बाईचा आवाज. सृष्टी ताडकन उठली. मागं कुणी नव्हतं. धावपट्टीकडचं काचेचं दार आपोआप सरकून उघडलं, उन्हाची झळ आत आली आणि दार पुन्हा मिटलं.

ती खांबाला वळसा घालून बाहेर आली, तेव्हा रावजी उभे होते. पिशवीतलं नवंकोरं हिरवं लुगडं त्यांनी हातावर उलगडून धरलं होतं. चेहरा नुसता उजळला होता.

"बाबा, आत्ता ओ कुणी दिली?"

"तुमाला बी आलं व्हय ऐकायला?" म्हातारा म्हणाला, आणि मग त्याची नजर तिच्या हातातल्या माइकवर गेली. "तुमी बोलत हुता? तुमी सोता?"

"हो."

"मला वाटलं मशिन हाय," म्हणत रावजी मटकन खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. ही इमारत उभी राहत होती तेव्हा श्रीपूरहून दोघं नवरा-बायको इथं मजुरीला आली होती. भर उन्हात ती इथंच, या खांबाच्या जागी, सळ्यांच्या सावलीला टेकली. ऊन लागलं होतं. रावजी पाणी आणायला टँकरकडं गेले आणि तिथं कुणाशी तरी तंबाखू मळत उभे राहिले. परत आले तेव्हा ती गेली होती. गावाकडं दहाव्याला कावळा शिवला नाही. जाणत्यांनी सांगितलं, ती अजून तिथंच बसलीया, ज्या जागी गेली तिथून नावानं हाक मारून आणायला पाहिजे. तोवर इथं काचा लागल्या होत्या, दाराला बंदूकवाला उभा होता. तिकिटाशिवाय आत सोडायचे नाहीत.

"हाक मारंल त्याच्याच मागं येतंय ते. मशिनला काय मागं न्हाय नि फुडं न्हाय, म्हणून म्हणलं, त्येनं बोलवावं, मी घिऊन जावं. घर येईस्तवर मागं वळून बघायचं न्हाय, एवढंच." त्यांनी कपाळावर हात मारला. "आता ती तुमच्या मागं लागली की वं, पोरी!"

सृष्टीच्या उजव्या खांद्यापाशी खरंच कुणी तरी श्वास घेत होतं.

"तुम्ही बोलवा," ती कशीबशी म्हणाली. "नावानं. तुम्ही त्यांचे कारभारी. तुमचं ऐकतील."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. सगळा जन्म जे नाव ओठांवर आणलं नव्हतं ते आणताना त्याचा जबडा नुसता हलत राहिला. मग आलं. "दगडा." पुन्हा, जरा मोठ्यानं, "दगडाबाई." आणि तिसऱ्यांदा रडतच, "ये की गं, दगडाबाई."

बाहेर विमानाची शिडी हलली. राजशेखर सर लांबूनच ओरडले, "सृष्टी, गेट बंद कर! दोन सीट गेल्याच आपल्या." त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं.

ऐकू आलं ते एकट्या सृष्टीला. नवऱ्याला कळू नये म्हणून बाई जशी दबक्या आवाजात बोलते, तसं. "त्यास्नी जाऊ दे. जल्मात कुणी मला असं नावानं, मानानं बोलीवलं न्हाय. तू बोलीवलंस. म्या तुज्यासंगट येती."

रावजी डोळे फाडून तिच्याकडं बघत होते. "आली का? काय म्हणाली?"

सृष्टीला त्या माणसाचा राग आला आणि त्याच क्षणी त्याची भयंकर दयाही आली. खरं सांगितलं असतं तर म्हातारा त्या बाकावरच संपला असता. आपण काय अंगावर घेतोय, हे तिला पुरतं कळत होतं.

"आल्यात, बाबा. तुमच्या मागंच उभ्या आहेत. आता वळून बघू नका."

रावजींनी दोन्ही हात जोडले. लुगडं खांद्यावर टाकलं आणि मान ताठ ठेवून चालू लागले. बाहेरच्या दारापाशी ते क्षणभर बाजूला सरले, कुणाला तरी आधी जाऊ द्यावं तसे. काचेतून दिसलं, रिक्षात बसताना ते आत सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हातानं पुसली. रिक्षा गेली.

सृष्टी तिथंच उभी राहिली. तिच्या मनगटाभोवती गार, खरबरीत बोटं अलगद मिटली. काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

"बरं केलंस, बाई," आवाज म्हणाला. "चल आता. तुजं घर कुटं हाय?"

तिला रडू फुटत होतं. तरी वडीलधाऱ्या बाईनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं तिला जमेना.

"मोडनिंबला," ती म्हणाली.