फुलांना मिळालेला हिरवा दिवा

हे ऐकून तुम्ही कोणी विश्वास ठेवणार नाही. माझाच बसायला चार दिवस लागले, तर तुमची काय कथा.

नैरोबीतल्या आपल्या म्बोगो रस्त्यावरचे पाच सिग्नल मी बसवले. साधे नव्हेत. खांबावरचा कॅमेरा गाड्या मोजायचा, आणि जिकडे गर्दी तिकडे हिरवा दिवा जास्त वेळ राहायचा. वरच्या साहेबांनी एक आठवडा दिला होता. शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांची रांग पेट्रोल पंपापलीकडे गेली, तर सिग्नल बंद, आणि चौक पुन्हा केरुबो हवालदारबाईंच्या हाती. माझी सहा वर्षांची मेहनत त्या पंपापाशी टांगलेली.

गुरुवारपर्यंत मटाटू मिनीबस अशा वाहत होत्या, की आतल्या प्रवाशांना वाटे, आपण जागच्या जागीच आहोत आणि शहरच मागे सरकतंय. कित्येकांना तिथेच डोळा लागायचा.

शुक्रवारी वारा सुटला. आडव्या गल्लीतल्या जॅकरंडाच्या झाडांनी सगळा जांभळा बहर खाली सोडला. कॅमेऱ्याला वाटलं, गाड्याच. दिला फुलांना हिरवा दिवा. गल्लीत चिटपाखरू नाही, नुसती फुलं सावकाश चौक ओलांडतायत, आणि इकडे मटाटूंची रांग पंपाकडे सरकतेय.

केरुबोबाई जवळ आल्या. “काका, तुमचा सिग्नल भलताच रसिक निघाला हो.”

“दोन मिनिटं द्या, बाई.”

“तोवर फुलांची लायसन्स तपासू?”

मी खांबाची पेटी उघडली आणि आत तोंड घालून हळूच म्हणालो, “बाळा, ज्याच्या पोटात माणूस बसलाय, तेवढंच मोज.”

दिवा विचारात पडला. तिन्ही रंग एकदम मंद उजळले, पहाटेसारखे. मग गल्लीला लाल झाला, आणि फुलं थांबली. वारा चालूच होता, पण पांढऱ्या पट्टीमागे पाकळ्या ओळीनं उभ्या. एक आगाऊ पुढे गेली होती, तीही ओशाळून मागे आली. पंप दोनच गाड्यांवर उरला असताना रांग सुटली. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. तेव्हापासून आजतागायत ते सिग्नल...

“खोटं आहे हे, मुत्वा काका,” न्यामवेया म्हणाला. तो मटाटू चालवतो, आणि आज चहाला उशिरा टेकला होता. “त्या शुक्रवारी मी रांगेतच होतो, पंपापलीकडे कितीतरी मागे. आणि आत्ता त्याच चौकात पाऊण तास अडकून आलोय. दिवे बंद आहेत. केरुबोबाई हात करतायत.”