‘निवांत’ होडीचा दांडा

मी एक जुना सागवानी दांडा आहे. शिडाच्या होडीच्या मागच्या टोकाला पाण्यात एक फळी असते, तिला सुकाणू म्हणतात. ती फळी वळवण्यासाठी वर जो दांडा लागतो, तो मी. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, होडीची दिशा ज्याच्याकडे, त्याचा केवढा मान! पण दिशा माझ्या मनावर कधीच नव्हती. हात ढकलील तिकडे जायचे, एवढेच मला येते.

माझा जन्म ओमानमधल्या बरका गावी शाहबाज सुताराच्या शेडमध्ये झाला. मोडीत काढलेल्या एका गलबताच्या फळीतून त्याने मला कापले. धनंजयकाका शेजारी उभे होते. ते मस्कतकडच्या एका बंदरात क्रेनवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर बाकीचे मराठी सोबती पुण्याला परतले, आणि यांनी मात्र एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. शाहबाजने रंधा मारायचा, काकांनी मला मुठीत धरून पाहायचे आणि म्हणायचे, “थोडा और.” असे दुपारभर चालले. विशाखाकाकू स्टुलावर बसून कंटाळल्या होत्या.

“अहो, दांडाच करताय ना? पोरीच्या लग्नातसुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं तुम्ही.”

काका हसले. मी त्यांच्या तळहातात नेमका बसलो होतो.

होडीचे नाव त्यांनी ‘निवांत’ ठेवले. थंडीचे महिने ते दोघे होडीवरच राहत. आज सवादीची बेटे, आठवड्याने दीमानियतची बेटे, एका वर्षी पार उत्तरेला मुसंदमचे उंच कडे, तर एकदा दक्षिणेला मसिरा. बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा, दोन दिवस राहायचे, पाणी संपत आले की किनारा गाठायचा. काकू छोट्या शेगडीवर पोहे करत, सुरमई तळत. कासव पाण्याबाहेर डोके काढून श्वास घेई, तेव्हा त्या हातातले काम टाकून पाहत राहत. होड्यांच्या धक्क्यावरचे गोरे खलाशी काकांना म्हणत, “होडी फार हलक्या हाताने चालवता तुम्ही.” ते कौतुक मला माझेच वाटे.

काकूंनी मला मात्र कधी धरले नाही. त्यांना पोहता येत नव्हते. काका म्हणत, “विशाखा, पाच मिनिटं धर तरी. शिकून ठेव.”

“नको बाई. तुम्ही आहात ना!”

मित्रांनो, आता एक गंमत सांगतो. मला डावीकडे ढकलले की होडी उजवीकडे वळते. नवा माणूस इथे हमखास चुकतो, पण काकांच्या हाताला ते इतके सवयीचे होते की त्यांना विचार करावा लागत नसे. आणि एका सकाळी, दोन बेटांमधल्या अरुंद पाण्यातून जाताना, त्यांनी मला चुकीच्या बाजूला ढकलले. खडक अगदी जवळ आला. त्यांनी दचकून मला ओढून घेतले आणि ते हसले. “वय झालं गं.” काकूही हसल्या.

मी हसलो नाही. हात एकदा चुकतो, ते मी समजू शकतो. पण नंतर तो विचार करू लागला. मला धरण्याआधी क्षणभर हवेत थांबू लागला. कधी ते मला दोरीने बांधून ठेवत आणि थोड्या वेळाने ओरडत, “हा कुणी बांधला? माझ्या वस्तूंना हात लावू नका!” होडीवर दुसरे होते कोण? काकू दोरी सोडून देत. ज्या बेटावर आम्ही वीस वेळा गेलो असू, त्याच्याकडे बोट दाखवून काका विचारत, “हे कुठलं?” काकू नाव सांगत आणि पटकन आत जात. एकदा कॅनडाहून मुलीचा, यशश्रीचा फोन आला. काकू म्हणाल्या, “बाबा ना? एकदम मस्त. माशांवर ताव मारतायत.”

मला सगळ्यांच्या आधी कळले होते. पण लाकडाला वाचा नाही. मी फक्त जरासा जड होऊन पाहिले, पाण्याचा जोर घेऊन त्यांच्या हाताला ढकलून पाहिले. त्यांना वाटले, माझा सांधा बिघडलाय. त्यांनी त्यात ग्रीस भरले.

मग तो दिवस आला. आम्ही दीमानियतहून बरक्याला परत निघालो होतो. दुपारी वायव्येचा वारा सुटला. शीड छान फुगले होते. काकांनी एकाएकी विचारले, “आपण कुठे चाललोय?”

“घरी. बरक्याला,” आतून काकू म्हणाल्या.

“बरं. पण विशाखा कुठंय?”

काकू कांदा चिरत होत्या. सुरी ठेवून त्या वर आल्या. “ही काय मी समोर. थट्टा पुरे.”

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिले, एखाद्या पाहुण्याकडे पाहावे तसे. मग त्यांनी मला सोडले आणि ते खाली शोधायला गेले.

मी मोकळा सुटलो. होडी गर्रकन फिरली. शिडाची आडवी काठी धाडकन या बाजूची त्या बाजूला गेली. काकू खाली वाकल्या म्हणून वाचल्या. त्यांनी धावत येऊन मला पकडले. त्यांचे हात कांद्याने ओले होते. त्यांनी डावीकडे ढकलले, होडी उजवीकडे. घाबरून आणखी ढकलले, होडी आणखीच वळली. मला ओरडावेसे वाटत होते, ‘उलट, काकू, उलट!’ पण त्यांचा हात ढकलील तसा मी वळत गेलो. दुसरे काय करणार होतो?

तरी त्या शिकत होत्या. दोन-तीन वळणांनंतर त्यांना उलट-सुलट समजले आणि होडी थोडी सरळ झाली. तेवढ्यात काका वर आले. “आत कुणी नाही. मी घरी जातो,” म्हणत त्यांनी एक पाय होडीच्या काठावर टाकला.

एका हाताने काकूंनी त्यांचा शर्ट धरला, दुसऱ्या हाताने मला. दोन्ही एकदम जमेना. काका ताकदवान होते, आणि त्यांना खरोखरच घरी जायचे होते.

काकूंनी मला सोडले.

मित्रांनो, मला त्याचे वाईट वाटले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी काकांना मिठी मारून खाली ओढले, धडपडत त्यांना लाइफ जॅकेट घातले आणि त्यांचे डोके मांडीवर घेऊन त्या लाकडी फळ्यांवर बसल्या. इंजिनची चावी काकांच्या खिशात होती. काकूंनी मागितली, तर त्यांनी खिसा घट्ट धरला. “ही माझी आहे.” फोनला रेंज नव्हती. शीड फडफडत होते, मी या बाजूला त्या बाजूला आपटत होतो आणि वारा आम्हाला शेवटच्या बेटाच्या खडकांकडे नेत होता. लाटा फुटल्याचा आवाज आता ऐकू येऊ लागला होता.

“तुम्ही कोण?” काकांनी मांडीवरूनच विचारले. “फार चांगल्या आहात.”

काकूंनी त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. “मी इथलीच,” त्या म्हणाल्या. “विशाखा येतेय. तोवर माझ्याजवळ बसा.”

“रागावेल ती. उशीर झाला की रागावते.”

“नाही रागावणार.”

सवादीचा मजीद आणि त्याचा भाऊ जाळी टाकून परतत होते. बरक्याच्या मासळीबाजारात काकू नेहमी मजीदकडूनच मासे घ्यायच्या. वेडेवाकडे फडफडणारे शीड पाहून त्याने आपली होडी आमच्याकडे वळवली. “माताजी! रस्सी पकडो! यल्ला, जल्दी!” काकूंनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे हात रिकामे नव्हते. मजीदने एक क्षण पाहिले आणि तो सरळ आमच्या होडीवर उडी मारून आला. त्याने पुढे दोर बांधला, शीड खाली घेतले आणि काकांपुढे उकिडवा बसला.

“सर, चाय पियेंगे? मेरे घर चलो.”

“चलो,” काका म्हणाले, आणि लहान मुलासारखे शांत बसले. खडक मागे पडले. किनारा येईपर्यंत मजीदने मला धरून ठेवले होते. काकू रडल्या त्या वाळूला पाय लागल्यावर.

मस्कतच्या डॉक्टरांनी काकांच्या विसरण्याच्या आजाराचे नाव सांगितले आणि त्यावर बरे करणारे औषध नाही, हेही सांगितले. यशश्री आली. मायलेकी होडी रिकामी करायला शाहबाजच्या शेडबाहेरच्या यार्डात आल्या. तेव्हा होडी जमिनीवर, लोखंडी टेकूंवर चढवलेली होती.

“आई, कधीपासून होतं गं हे?”

काकूंनी हातातले पातेले कागदात गुंडाळले. “मला कळत होतं. बोलले असते, तर हे सगळं त्याच दिवशी बंद झालं असतं. त्यांना याच्याशिवाय दुसरं काय होतं? म्हणून एकेक दिवस ढकलला.”

“मी तरी कुठे नीट विचारलं,” यशश्री म्हणाली. “तू मस्त म्हणालीस, मी फोन ठेवला.”

दोघी तिथेच बसून राहिल्या. कुणी कुणाला दोष दिला नाही. मला वाटत होते, थोडा दोष मलाही द्यावा.

आता ते पुण्यात असतात. मजीद कधीतरी यार्डात येतो आणि शाहबाजला खबर देतो. त्याला काकूंचा फोन येतो म्हणे. काका संध्याकाळी त्यांचा हात धरून सोसायटीत फिरतात. त्या कोण, ते रोजच आठवते असे नाही. पण हात सोडत नाहीत.

‘निवांत’ला अजून गिऱ्हाईक मिळालेले नाही. बरक्याच्या उन्हाने मला चिरा पडल्या आहेत. त्याचे फारसे दुःख नाही. लाकूड म्हटले की तडकायचेच.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी असेल, ज्याचा हात आयुष्यभर चुकला नाही. आजोबा असतील, आत्या असेल. एक दिवस तो हात नेहमीची गोष्ट करताना थबकेल. भाजीत मीठ दोनदा पडेल, कुलपात भलतीच किल्ली जाईल. तेव्हा हसून सोडून देऊ नका आणि रागावूही नका. जवळ बसा, विचारा, आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा. सांगितल्याने दुखणे जाणार नाही, पण घरातले कुणी त्याच्यासोबत भर समुद्रात एकटे पडणार नाही. मला सगळे कळले होते आणि एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला तर बोलता येते.