प्लेअरची खोळ

शनिवारी सकाळपासून सिद्धेश्वरी दारातल्या गाडीत जाऊन बसत होती आणि उठून परत घरात येत होती. घरात आली की पुस्तक उघडायची, एकच पान पुन्हा पुन्हा वाचायची, मिटायची, आणि चपला सरकवून पुन्हा बाहेर. उन्हाने सीट इतकी तापली होती की बसताना पदर खाली घ्यावा लागत होता.

"मांजरीनं पिल्लं हलवावी तसं चाललंय तुझं," तिची आई कमलम्मा उंबऱ्यातून म्हणाली. "आत-बाहेर, आत-बाहेर. काय हाय त्या गाडीत?"

"काही नाही अव्वा. वायर बघतेय."

"उद्या विकायची गाडी. तिची कसली वायर बघतीस?"

उद्या केमचा जोतीराम गाडी न्यायला येणार होता. तो अप्पांचं, तिच्या वडिलांचं, जुनं गिऱ्हाईक. अप्पा याच गाडीत चादरी-टॉवेलांचे नमुने घालून करमाळा, केम, जेऊर असे फिरायचे. गाडीला अजून कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येत होता.

अप्पा जाऊन तीन महिने होत आले होते. गेल्या आठवड्यात भांडी विसळताना तिच्या एकाएकी लक्षात आलं की आपल्याला अप्पांचा आवाज आठवत नाही. शब्द आठवत होते. ते काय म्हणायचे, कुठे थांबायचे, कोणत्या शब्दाला हसायचे, सगळं. पण ते शब्द तिच्या मनात तिच्याच आवाजात उमटत होते. तिने नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून तिचं कशात चित्त लागेना.

फोनमध्ये शोधलं. लग्नांच्या व्हिडिओत अप्पा मागे कुठेतरी पाण्याचा जग घेऊन उभे, तोंड मिटलेलं. राहता राहिला तो प्लेअर, खिशात मावणारा, सेलवर चालणारा. मठातल्या सोमवारच्या भजनाची तयारी अप्पा रविवारी घरी करायचे. पेटी पुढ्यात, शेजारी झांज धरणारा कुणीतरी, पेटीवर हा प्लेअर, रेकॉर्डिंग चालू. मग दोन्ही कानांत इअरफोन घालून स्वतःचं गाणं ऐकायचे आणि सूर कुठे उतरला म्हणून स्वतःवरच चिडायचे. त्यातलं शेवटचं एकच भजन उरलं होतं. बाकीची ते दर आठवड्याला पुसून टाकायचे.

इअरफोनमधून तिने ते ऐकलं होतं. आवाज होता, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. अप्पांचा आवाज छातीतला होता. शेजारच्या खोलीत ते बोलले तरी पाठीला कळायचा. तो तिला हवा होता, पुरता, एकदा तरी. आणि तसा ऐकायला ही गाडीच होती. धाकट्या भावाने, मल्लेशने, हौसेने तीत मोठे स्पीकर बसवून दिले होते आणि अप्पांनी त्यांवर बातम्यांपलीकडे काही लावलं नव्हतं. घरात तर प्रश्नच नव्हता. वर्षभर घरात गाणं-बजावणं होणार नाही, हे कमलम्माने सांगून टाकलं होतं. टीव्हीवर फडकं घातलं होतं.

काल तिने प्लेअर आणि स्टिरिओ जोडणारी वायर आणली. एक टोक स्टिरिओत, दुसरं प्लेअरमध्ये. पेटी घुमली, झांज खणखणली, गाडीची दारं-काचा थरारल्या. पण अप्पा नव्हते.

तिने पुन्हा लावलं. पेटी होती. झांज होती. जिथे आवाज यायला हवा तिथे काहीतरी दूर, विहिरीच्या तळाशी असल्यासारखं. इअरफोन लावला की अप्पा परत. वायर लावली की गायब. सकाळपासून हेच चाललं होतं.

अकराच्या सुमाराला तिने गाडी काढली.

"ऊन बघ की बाहेर!" कमलम्मा ओरडली, पण तोवर गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली होती.

सात रस्त्याजवळ गुफरानचं गाड्यांच्या स्टिरिओचं दुकान होतं. मल्लेशने स्पीकर त्याच्याकडूनच घेतले होते. गुफरानने गाडी ओळखली, प्लेअर हातात घेतला आणि उलटसुलट केला.

"हे काय हो मॅडम? स्वेटर घातलंय की ह्याला!"

प्लेअरला कमलम्माने शिवलेली खोळ होती. सोलापुरी चादरीचा जाड तुकडा, मोराच्या नक्षीचा, चारी बाजूंनी हाताने घट्ट शिवून बंद केलेला. बटणांपुरती खिडकी आणि पिनेपुरतं भोक.

"दोनदा पडला होता. म्हणून आईने शिवली," ती म्हणाली. "आवाज येत नाही. बाजा येतो, माणूस येत नाही."

"असं कुटं असतंय? लावा बरं."

तिने लावलं. गुफरानने मान तिरकी करून ऐकलं आणि हसला. "कराओके झालंय की! आता तुमी गावा मॅडम, बाजा तयार हाय."

ती हसली नाही. गुफरानने हसू आवरलं, स्वतःचा फोन त्याच वायरला जोडला. कव्वाली अशी दणदणली की पलीकडचा पंक्चरवाला ओरडला, "बस कर बे गुफरान, दुकान गिरेगा!"

"बगा. वायर चांगली, स्पीकर एक नंबर. म्हणजे खराबी ह्या डबीत. ह्यात जान न्हाई राहिली आता. फेका. नवीन टच स्क्रीन बसवतो, फोनला आपोआप जोडतंय. मल्लेशभाईची वळख हाय, कमी करून देतो."

"गाडी उद्या विकायचीय."

"मग तर काय! विकायच्या गाडीत कोण दुरुस्ती करतंय?"

"यातलं गाणं फोनमध्ये काढून देता येईल?"

त्याने खालच्या बाजूचं भोक पाहिलं. "हे तर गंजलंय. कंप्युटरला लागणार न्हाई. कोनाचं गाणं हाय? नावं सांगा, फोनवर दोन मिंटात काढतो. सगळं मिळतंय आता."

"हे नाही मिळणार," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

घरी जायचं होतं, पण गाडी विजापूर रोडला लागली. ती वळवायचं तिच्या मनात आलं, हातांच्या नाही. भजन संपलं की ती बटण दाबायची, पुन्हा सुरू. पेटी, झांज आणि मधली ती पोकळी. रस्त्याकडेच्या रसवंतीपाशी थांबली, रस मागितला, अर्धा पिऊन ग्लास ठेवला आणि पुन्हा निघाली. वाचलेल्या पुस्तकांतून शोकाबद्दलची कितीतरी वाक्यं तिला पाठ होती. त्यातलं एकही आज उपयोगाचं नव्हतं. आज फक्त तो आवाज हवा होता, पुरता.

कितव्यांदा तरी भजन सुरू झालं आणि तिला दुसरंच काही ऐकू येऊ लागलं. अप्पा नव्हते म्हणूनच बहुधा. आधी कुकरची शिट्टी. मग परातीवर भाकरी थापल्याचा आवाज. आणि त्या थापटण्याच्या मागे एक बाई गात होती. हलकं, पेटीच्या अर्धं पाऊल मागे, ओळीचं शेवटचं टोक तेवढं धरून.

तिने गाडी बाजूला घेतली.

अव्वा गात होती.

अव्वा कधी गात नसे. लग्नात बायका गळ्यात पडल्या तरी, "ब्याड, ब्याड, नको गं, आमच्या घरात गाणारा एकच पुरे," म्हणून पदर तोंडाला लावायची. सिद्धेश्वरीने आवाज वाढवला आणि मांडीवरून घसरणारा प्लेअर अंगठ्याने दाबून धरला. त्याबरोबर अप्पांचा आवाज एकदम अंगावर आला, एक शब्दभर. ती दचकली, अंगठा निघाला, आवाज गेला. पुन्हा दाबला. आला. सोडला. गेला.

तिने पिन नीट पाहिली. इअरफोनच्या पिनेचं बूड बारीक होतं. ह्या वायरीचं बूड जाड होतं, ते खोळीच्या कापडाला अडत होतं. पिन आत जात होती, पण पुरती टेकत नव्हती. दोन्ही बाजूंचा आवाज येत होता आणि मधला, पेटीच्या अगदी समोर बसलेल्या माणसाचा, तेवढा हरवत होता. खोळ काढली की झालं.

शिवण बारीक होती, दुहेरी, गाठी आतून मारलेल्या. गाडीत नखं कापायची छोटी कात्री होती. तिने ती हातात घेतली आणि परत ठेवली. मग गाडी वळवली.

कमलम्मा पानं वाढून बसली होती. सिद्धेश्वरीने प्लेअर तिच्या पुढ्यात ठेवला.

"अव्वा, ही खोळ उसवायचीय."

"का?"

"वायर बसत नाही. अप्पांचा आवाज येत नाही."

"मग नको येऊ दे. वर्षाच्या आत गाणं लावायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"आपल्या लोकांत सुतक मानतात का? अप्पाच मठात सांगायचे, लिंगवंताला सुतक नाही."

"ते सांगत होते लोकांना. गेल्यावर घरात कोण बसतंय? मी बसते." कमलम्माने भाजीचा डाव भांड्यात आपटला. "जेव आधी."

"मला त्यांचा आवाज आठवत नाही अव्वा."

डाव थांबला. वाक्य कोरडंच बाहेर पडलं होतं.

"उद्या गाडी जाईल," ती पुढे म्हणाली. "मग कुठं ऐकू?"

कमलम्मा ताटाकडे बघत राहिली. "मला येतोय ऐकू," ती म्हणाली. "रोज. फडताळ उघडलं तरी येतोय. म्हणून म्हणते नको. तू ऐकलंस की मला पण ऐकावं लागंल."

सिद्धेश्वरी म्हणाली, "त्यात तू पण आहेस."

"कशात?"

"भजनात. मागे गातेस. भाकरी थापता थापता."

"मी? येड लागलं का? मी कवा गायले?"

"ये, ऐक."

"मी न्हाई येत. मी गातच न्हाई तर ऐकू काय?" असं म्हणत कमलम्मा उठली, हात धुतले, आणि ते आपण नाहीच हे लेकीला पटवायला म्हणून गाडीपाशी आली. मागच्या सीटवर बसायला निघाली. सिद्धेश्वरीने पुढचं दार उघडून धरलं.

अर्धीच बसलेली पिन. पेटी. झांज. कुकरची शिट्टी.

"हा आपला कुकर," कमलम्मा लगेच म्हणाली. "शिट्टी तिरकी झालती त्याची." आणि मग ती बाई गाऊ लागली.

कमलम्माने हात तोंडाशी नेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अगं बाई," ती म्हणाली. "केवढी बेसूर! शेजारी काय म्हणत असतील?" थोडा वेळ तिने ऐकलं. मग आवाज उतरवून विचारलं, "त्यांना जात होतं का गं ऐकू?"

"मला काय माहीत?"

"हितं जातंय म्हणजे तितं गेलंच असंल की. बोलले न्हाईत कधी." तिने प्लेअर ओढून घेतला, खोळीवरून बोट फिरवलं, एका कोपऱ्यात थांबली. "कात्रीनं करू नको. कापड कापशील. गाठ हितं हाय." तिने ती गाठ दातांत धरली, तोडली, आणि दोरा एका ओढीत सरसर सुटत गेला.

उघडा प्लेअर हातात केवढा लहान होता. सिद्धेश्वरीने पिन घातली. आत काहीतरी टक् करून बसलं.

अप्पा गाऊ लागले.

डबा नव्हता आता, विहीर नव्हती. आवाज पायांखालून, सीटच्या पाठीतून वर चढला. तोच. किंचित घोगरा, ओळ उचलताना घसा साफ करणारा, वरच्या सुराला जरा ओढ घेणारा. हाच होता, हाच, आणि इतका जवळ. आठवडाभर ज्याच्यामागे धावली तो मिळाल्यावर तिला क्षणभरही बसवेना. तिने दार उघडलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

ओळीच्या टोकाशी अप्पा सूर धरून थांबले होते, गरजेपेक्षा जास्त. इअरफोनमध्ये हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. कुणीतरी मागे पडलंय आणि त्याला येऊ द्यायचंय, असे. मागचा आवाज आता ऐकू येत नव्हता. अप्पांच्या आवाजाखाली तो पुरता झाकला गेला होता. पण त्यांचं थांबणं कळत होतं.

गाडीत कमलम्मा ताठ बसली होती. मांडीवर खोळ. तिने लेकीकडे पाहिलं, वाकून अलीकडचं दार ओढून घेतलं आणि काच वर केली. मग स्वतःच्या बाजूचीही. आतलं फक्त घुमणं तेवढं बाहेर येत राहिलं.

सिद्धेश्वरीचा फोन वाजला. जोतीराम होता.

"ताई, उद्या सकाळच्याच गाडीनं निघतो म्हणतो. आठपर्यंत पोचतोय. चालंल नव्हं?"

ती गाडीकडे पाहत होती. भजन संपलं. काचेपलीकडे अव्वा प्लेअर डोळ्यांजवळ धरून बटणं चाचपत होती. एक दाबलं, मग दुसरं. मग काच चार बोटं खाली आली.

"सिद्धव्वा, परत लावायचं कुटलं गं हे?"

"मधलं," सिद्धेश्वरी म्हणाली. "जरा दाबून धर."

काच वर गेली. घुमणं सुरू झालं.

"हॅलो? ताई?"

"हो, आहे," ती म्हणाली. "सकाळी नको जोतीरामकाका. संध्याकाळी या. सकाळी गाडी लागणार आहे आम्हाला."

"कुटं गावाला चाललाय का?"

"नाही," ती म्हणाली. "इथंच."