जराशी साखर

अर्लीन टब्जने पेनाने ‘मधुमेह’ हा शब्द खोडला आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘साखर’. सदतीस फॉर्म झाले होते. अजून गठ्ठा शिल्लक होता.

“अहो, हे काय चालवलंय?”

हॉस्पिटलचे नवे साहेब, विटकम, मोझेलच्या पार्लरच्या दारात उभे होते. शनिवारची सकाळ. उद्याच्या चर्चसाठी केस बसवून घ्यायला सहा बायका ड्रायरखाली बसल्या होत्या.

“तुमची चूक दुरुस्त करतेय,” अर्लीन मान वर न करता म्हणाली.

अकरा वर्षं ती हॉस्पिटलची तपासणीची गाडी घेऊन मिसिसिपी राज्यातल्या या वस्तीत यायची. पार्लरमध्ये बसायची कल्पना तिचीच. पूर्वी चर्चच्या हॉलमध्ये तपासणी असली की बायका मागल्या दाराने पसार व्हायच्या. ड्रायरखालून पळून जाणार कुठे? पण फॉर्मवर ‘मधुमेह आहे’ असं जी लिहील तिचीच पुढची तपासणी, असा नियम. गेल्या वर्षी दोनशेजणींत तसं लिहिणाऱ्या निघाल्या नऊ. साहेबांनी आकडा पाहिला आणि पुढल्या महिन्यापासून गाडी बंद करायचं ठरवलं. अर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या आईचा पाय मधुमेहानेच कापावा लागला होता, आणि आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, मला जराशी साखर आहे, बाकी काही नाही.

“छापील फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, मिसेस टब्ज. नोकरी जाईल.”

“जाऊ दे. आधी हे बघा.” ती वळली. “बायांनो, मधुमेह कुणाला आहे गं?”

ड्रायर घरघरत राहिले. “छे गं बाई, देवाची कृपा!” म्हातारी मिस ओफीलिया म्हणाली.

“बरं. साखर कुणाला आहे?”

ओफीलियाने दोन्ही हात वर केले. “मला तर वीस वर्षं झाली!” मग आणखी चार हात वर गेले. मोझेलने कंगव्यासकट हात उचलला.

साहेब गोंधळले. “पण हे दोन्ही एकच आहे.”

“ते तुम्हाला ठाऊक,” ओफीलिया फणकारली. “आम्हाला कुणी सांगितलं? टायवाल्या माणसाला उलट विचारायची सोय आहे का?”

“फॉर्म बदला,” अर्लीन म्हणाली, “नाहीतर मी खोडत राहणार. गाडी नेलीत तरी इथंच बसून खोडणार.”

“आणि तुझा हात गं कुठंय?” मोझेलने विचारलं.

अर्लीनचा हात खालीच होता. दर वर्षी हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांच्या फॉर्मवर अर्लीन मधुमेहापुढे खोटंच ‘नाही’ लिहीत आली होती. तिला तर दोन्ही शब्द ठाऊक होते. आईचा पाय डोळ्यांसमोर आला की पेन आपोआप ‘नाही’कडे वळायचं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या लाजेचाच राग आला.

तिने पेन साहेबांच्या हातात दिलं.

“लिहा. अर्लीन टब्ज, वय अठ्ठावन्न. हो.”

“कोणत्या शब्दापुढे?”

“दोन्हींपुढे. खोटं लिहिलं म्हणून काढायचं तर सोमवारी काढा. आज मला काम आहे.”

ती मोझेलच्या रिकाम्या खुर्चीत बसली, रक्त तपासायची सुई मागवली आणि डावा हात पुढे केला. सुई बोटाला टेकली. तिने ते मागे घेतलं नाही.